मनाचा आजार आणि बुडालेली मजुरी

2020 च्या एप्रिलमध्ये गोंदिया जिल्ह्यात कोरोनाचे रुग्ण बोटांवर मोजण्याइतके होते. तरीही जिल्हा ठप्प होता. हावडा-मुंबई मार्गावरच्या गोंदिया जंक्शनवर प्रवासी गाड्या थांबत नव्हत्या. आठवडी बाजार, पानठेले, हॉटेलं बंद होती. विडी वळणाऱ्या बायकांना पान-तंबाखू मिळत नव्हता. देवरीवरून जाणाऱ्या महामार्गावर नागपूरकडून छत्तीसगडच्या दिशेने माणसं पायी चालली होती, डोक्यावर बोचकं आणि कडेवर लेकरू घेऊन. या जिल्ह्यात विषाणूच्या आधी बेकारी पोहोचली. साथीने मनाचं काय केलं हे समजून घ्यायचं तर हा क्रम विसरून चालणार नाही. या विषयातले बरेचसे गैरसमज तो विसरल्यामुळेच पसरले आहेत.

गैरसमज : त्रास झाला तो रोगाच्या भीतीने. जिथे रोग कमी, तिथे मनं शाबूत.

भीती होती, आणि ती खरी होती. पण तेवढंच नव्हतं. साथीच्या पहिल्या वर्षात जगभर चिंता आणि नैराश्याचं प्रमाण सुमारे 25 टक्क्यांनी वाढलं, असं जागतिक आरोग्य संघटनेने मार्च 2022 मध्ये सांगितलं. त्याआधी ऑक्टोबर 2021 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात या वाढीशी जोडलेल्या दोन गोष्टी ठळक दिसल्या : संसर्गाचा दर आणि माणसांच्या हालचालीवर आलेली बंधनं. वाढ पुरुषांपेक्षा बायकांमध्ये जास्त होती आणि वयस्करांपेक्षा तरुणांमध्ये जास्त.

गोंदियाच्या बाबतीत दुसरी गोष्ट आधी लागू झाली. विडीची मजुरी हजार विड्यांमागे मिळते. विडी वळली नाही तर त्या दिवसाचा पैसा नाही. गाडीतळावरचा हमाल आणि राईस मिलमधला रोजंदारीवरचा कामगार यांचंही तेच. पगारदार माणसाला टाळेबंदी म्हणजे घरात कोंडलेले दिवस होते. यांच्यासाठी ती चुलीची काळजी होती. या दोन्ही घरांतल्या अस्वस्थतेला एकाच ‘कोरोनाच्या भीती’त टाकणं हा मोठा अन्याय आहे, असं मला वाटतं.

गैरसमज : डिप्रेशन हा शहरातल्या, खाऊनपिऊन सुखी लोकांचा आजार आहे. कष्टकऱ्याला त्यासाठी वेळ कुठे?

हे वाक्य चांगली शिकलेली माणसंही बोलतात. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांपैकी सुमारे 10.6 टक्के लोकांना काही ना काही मानसिक आजार आढळला होता, आणि कमी उत्पन्नाच्या घरांत ओझं जास्त दिसलं होतं. उपचाराविना राहणाऱ्यांचं प्रमाण बहुतेक आजारांत 70 ते 92 टक्के होतं. कष्टकऱ्याला आजार होतो, फक्त तो आजाराचं नाव घेऊन येत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात आलेली बाई म्हणते, ‘झोप नाही येत जी, जीव घाबरते, हातपाय गळून जातात.’ तिला शक्तीच्या गोळ्या मिळतात आणि ती परत जाते. पुरुष बहुधा तेवढंही बोलत नाही. त्याची दारू वाढते, चिडचिड वाढते, घरात मारहाण होते, आणि गाव म्हणतं, माणूस बिघडला.

नैराश्य ओळखायची खूण साधी आहे. उदासपणा किंवा कशातच रस न वाटणं दोन आठवडे किंवा त्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज, दिवसाचा बहुतेक वेळ टिकलं, त्याबरोबर झोप, भूक, शक्ती, एकाग्रता बिघडली, आपण कुचकामी आहोत असं वाटू लागलं, तर डॉक्टरांशी बोलावं. काम गेल्यावर चार दिवस झोप न लागणं हा आजार नव्हे. प्रत्येक दुःखाला आजार ठरवणं हाही गैरसमजच आहे. बहुतेक माणसं अशा काळातून आपल्या माणसांच्या आधाराने सावरतात.

आणि नेमका तो आधारच त्या वर्षी तुटला. धान कापून झाला की दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, लेकी माहेरी येतात, झाडीपट्टीची नाटकं रात्रभर चालतात. 2020 मध्ये तो हंगाम बुडाला. कलावंतांची कमाई गेली हे सगळ्यांना दिसलं; वर्षभर राबलेल्या गावाची एकमेकांना भेटायची जागा गेली, याची फारशी चर्चा झाली नाही. पुढे एप्रिल-मे 2021 च्या दुसऱ्या लाटेत घरातलं माणूस गेलं तरी शेवटचं तोंड बघता आलं नाही, तेरवीला चार लोक जमले नाहीत. शोकाला वाट मिळते ती अशाच रीतींमधून. ज्यांचा शोक महिनोन्‌महिने तितकाच तीव्र राहतो आणि रोजचं जगणं अडवतो, त्यांच्या अवस्थेला आता आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात वेगळी जागा मिळाली आहे. सहा महिन्यांहून जास्त काळ ही त्यातली एक खूण. ‘काळ हेच औषध’ हे बहुतेकांसाठी खरं असतं. सगळ्यांसाठी नाही.

गैरसमज : टाळेबंदी लागली आणि लगेच आत्महत्यांची लाट आली.

हा मुद्दा जपून मांडायला हवा. 21 देशांची आकडेवारी तपासणाऱ्या 2021 च्या एका अभ्यासात पहिल्या काही महिन्यांत आत्महत्या एकूण वाढलेल्या दिसल्या नाहीत. त्या देशांत श्रीमंत देशांचा भरणा होता, आणि त्यांतल्या अनेकांनी कामगारांच्या खात्यात मदत पोहोचवली होती. भारतात राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या नोंदी सांगतात की 2019 मध्ये 1,39,123 आत्महत्या झाल्या, 2020 मध्ये 1,53,052 आणि 2021 मध्ये 1,64,033. म्हणजे लाट एका आठवड्यात उसळली नाही. आकडा वर्षागणिक चढत गेला. यांतले रोजंदारी मजूर 2020 मध्ये सुमारे 24.6 टक्के होते, 2021 मध्ये 25.6 टक्के. व्यवसायाच्या रकान्यावरून कुणाच्याही मृत्यूचं कारण ठरवता येत नाही. आत्महत्येमागे एकच कारण जवळजवळ कधीच नसतं. पण दर चारांतला एक मजूर आहे, हे वाचून पान उलटता येऊ नये.

गैरसमज : मनाचा प्रश्न डॉक्टरचा, मजुरीचा प्रश्न सरकारचा. दोन्हींचा संबंध नाही.

मला या लेखात सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते इथे. 1970 ते 2007 या काळातल्या 26 युरोपीय देशांच्या अभ्यासात बेकारी 1 टक्क्याने वाढली की 65 वर्षांखालच्यांतल्या आत्महत्या सुमारे 0.79 टक्क्यांनी वाढताना दिसल्या. त्याच अभ्यासात हेही दिसलं, की ज्या देशांनी बेकारांना पुन्हा कामाला लावण्यावर पैसा खर्च केला, तिथे हा परिणाम सौम्य झाला. इंडोनेशियात गरीब कुटुंबांना थेट रोख मदत सुरू झाली, आणि जिथे ती पोहोचली तिथे आत्महत्येचं प्रमाण सुमारे 18 टक्क्यांनी घटलं. तिथे कुणी समुपदेशक नेमले नव्हते. घरात पैसा पोहोचला, एवढंच.

हे महाराष्ट्राला नवीन वाटू नये. 1972 च्या दुष्काळात विस्तारलेली आणि 1977 मध्ये कायदा झालेली रोजगार हमी ही याच राज्याची देणगी. 2020-21 मध्ये देशभर 11 कोटींहून जास्त लोकांनी तिच्या राष्ट्रीय रूपाखाली काम केलं. तळ्याच्या गाळकामाची मजुरी वेळेवर मिळणं, धान खरेदी केंद्रावर दिलेल्या धानाचे चुकारे न रखडणं, रेशनचा तांदूळ पूर्ण मिळणं, या गोष्टी मानसिक आरोग्याच्या कार्यक्रमात लिहिलेल्या नसतात. लिहायला हव्यात.

म्हणूनच ‘साथ गेली, विषय संपला’ हेही खरं नाही. मार्च ते ऑगस्ट 2020 मध्ये रिझर्व्ह बँकेने हप्ते थांबवण्याची मुभा दिली, पण व्याज चढत राहिलं. नंतर फक्त व्याजावरचं व्याज माफ झालं. तेव्हा घेतलेलं बचत गटाचं, सावकाराचं, दागिन्यांवरचं कर्ज पुढे कित्येक घरांत रेंगाळलं. कर्जाची काळजी विषाणूबरोबर ओसरत नाही.

गैरसमज : मानसिक उपचार म्हणजे नागपूरचं मनोरुग्णालय किंवा जन्मभर झोपेच्या गोळ्या.

नैराश्यावरची औषधं आणि झोपेच्या गोळ्या वेगळ्या. नैराश्याच्या औषधांची नशा चढत नाही. ती लागू पडायला काही आठवडे लागतात आणि डॉक्टरांना विचारूनच कमी करावी लागतात. सौम्य आणि मध्यम त्रासात अनेकांना औषधही लागत नाही. गोव्यात प्रशिक्षण दिलेल्या सामान्य कार्यकर्त्यांनी सहा-आठ भेटींत माणसाला पुन्हा रोजच्या कामांत, माणसांत आणण्याची पद्धत वापरली, आणि तिचा उपयोग झाल्याचं 2017 मध्ये प्रसिद्ध झालं. आपल्या विदर्भातही हे झालं आहे. अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत ‘विश्राम’ नावाच्या प्रकल्पात गावातलेच आरोग्य कार्यकर्ते घरोघरी गेले. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण दीड वर्षात 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेलं. गोंदियाच्या सालेकसा-देवरीच्या जंगलपट्ट्यात, जिथे मानसोपचारतज्ज्ञापर्यंत जायचं तर एका दिवसाची मजुरी आणि बसभाडं दोन्ही जातं, तिथे आशाताईला असं प्रशिक्षण मिळणं मला सर्वांत व्यवहार्य वाटतं. गावातले लोक आधी पुजाऱ्याकडे गेले तर त्यांना हिणवू नये. पुजाऱ्याकडे जायचं तर जा, पण दवाखानाही सोडू नका, हे सांगितलेलं ऐकलं जातं.

गैरसमज : जीव द्यायचा विचार आहे का, असं विचारलं तर तो विचार डोक्यात भरतो.

भरत नाही. उलट बरेचदा माणसाला हलकं वाटतं, कारण कुणीतरी सरळ विचारलं. विचारावं, ऐकून घ्यावं, एकटं सोडू नये, आणि घरातली धोक्याची औषधं, फवारणीची विषं कुलपात ठेवावीत. प्रयत्न केलेल्या माणसाला पोलिसांच्या भीतीने लपवू नये : मे 2018 पासून लागू झालेला मानसिक आरोग्य कायदा अशा माणसाला तीव्र तणावाखाली असलेला मानतो आणि त्याची काळजी घेण्याची जबाबदारी सरकारवर टाकतो. ऑक्टोबर 2022 पासून ‘टेलि-मानस’ची 14416 ही मोफत सेवा चोवीस तास सुरू आहे. तिथे मराठीत बोलता येतं.