रडू आलं तर रडा

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपतो, मंडप निघतो, पाहुणे गावी जातात. दुःख खरं घरात शिरतं ते त्यानंतर. मग कुणीतरी म्हणतं, ‘आपण बुद्धाची लेकरं, रडायचं नसतं.’ हे कुणी सांगितलं? २७ मे १९३५ ला रमाई गेल्या, तेव्हा बाबासाहेबही रडले. पुढे ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ हा ग्रंथ त्यांनी रमाईंच्या स्मृतीला अर्पण केला. आपण गेलेल्याच्या नावानं वस्तीतल्या एखाद्या पोराला वह्या तरी घेऊन देऊ. घरात त्यांचं नाव निघू द्या, लहानग्यांनाही बोलू द्या. आठवडे उलटूनही झोप नाही, जेवण नाही, दारू वाढलेली, तर डॉक्टरांना दाखवा. जगूच नये असं वाटलं, तर त्याच घटकेला १४४१६ लावा. टेलिमानसचा हा सरकारी फोन मोफत आहे, मराठीत बोलता येतं.