विजेच्या सायकलीला बॅटरी किती व्होल्टची घ्यावी?

— ऊस विकास अधिकारी



लागण, खोडवा आणि खतांचे हप्ते यांवर या पानात नेहमीच लिहिणे होते. या वेळचा विषय जरा बांधाबाहेरचा आहे. जुन्या सायकलीला मोटारीचे किट बसवून मळ्यावर नाहीतर डेअरीला जाणारी मंडळी आता आपल्या गटातही दिसू लागली आहेत. पेट्रोल वाचते, ही गोष्ट चांगलीच आहे. पण "बॅटरी ३६ ची घेऊ का ४८ ची?" इथे घोटाळा होतो आणि पैसे बुडतात.

व्होल्ट म्हणजे पाण्याचा हेड व अँपिअर म्हणजे डिस्चार्ज असे समजा. काम होते ते दोन्हींच्या गुणाकाराने. ४८ व्होल्ट गुणिले १० अँपिअर म्हणजे ४८० वॉट. तेवढेच काम ३६ व्होल्टवर घ्यायचे तर सव्वातेरा अँपिअरच्या वर खेचावे लागतात. वायर तापते ती अँपिअरच्या वर्गाच्या हिशेबाने, म्हणजे त्याच वायरीत जवळजवळ पावणेदोन पट उष्णता. व्होल्टेज पडले की विहिरीवरची मोटार जादा अँपिअर खेचून कशी जळते, हे रिवाइंडिंगचे बिल भरलेल्याला सांगायला नको. सपाट रस्ता, एकटा माणूस आणि पेडलची साथ असेल तर ३६ व्होल्ट पुरतात. मागे दुधाचे कॅन आणि वाटेत चढ असेल तर ४८ च घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. ६० किंवा ७२ चा नाद साध्या सायकलीला करू नये. तिचे ब्रेक त्या वेगासाठी केलेलेच नसतात.

आता मुख्य मुद्दा. बॅटरीवर छापलेला आकडा हा मधला असतो. ४८ व्होल्टच्या नेहमीच्या लिथियम बॅटरीत १३ सेल ओळीने जोडलेले असतात. पूर्ण चार्ज झाल्यावर प्रत्येक सेल ४.२ व्होल्टवर जातो, म्हणजे बॅटरी ५४.६ व्होल्टवर. ३६ ची बॅटरी १० सेलची, ती ४२ वर जाते. कंट्रोलरला सोसावा लागतो तो हा वरचा आकडा. एका सभासदाच्या मुलाने ३६ च्या किटला स्वस्तात मिळालेली ४८ ची बॅटरी जोडली. ३६ च्या पुष्कळ कंट्रोलरमधले कपॅसिटर ५० व्होल्टपर्यंतचेच असतात. फट्‌ आवाज झाला आणि कंट्रोलर गेला. बॅटरी स्वस्त पडली, पण कंट्रोलरचा खर्च अंगावर आला.

खालचा आकडाही तितकाच महत्त्वाचा. ४८ चा कंट्रोलर साधारण ४० ते ४२ व्होल्टला पुरवठा तोडतो, म्हणजे सेल मरत नाहीत. ३६ चा कंट्रोलर ३०-३१ पर्यंत चालू ठेवतो, म्हणून ४८ च्या बॅटरीला त्याचा खालूनही आधार नाही. काहीजण तक्रार करतात, "साहेब, गाडी चढावर बंद पडते, जरा थांबलं की परत चालू होते." रात्री लाईट आली आणि सगळ्यांनी एकदम मोटारी चालू केल्या की शेवटच्या खांबावर व्होल्टेज बसते ना, तसेच हे. चढावर जादा अँपिअर खेचले की जुनी बॅटरी क्षणभर ४० च्या खाली बसते आणि कंट्रोलर तोडतो. भार सुटला की ती पुन्हा वर येते. त्यात दोष कंट्रोलरचा नसतो. तसेच, बॅटरी १५ अँपिअरच देऊ शकत असेल तर २५ अँपिअरचा कंट्रोलर घेऊन काही साधत नाही. बॅटरीतले संरक्षक सर्किट मध्येच तोडेल.

पल्ल्याचा हिशेब सोपा आहे. ४८ व्होल्ट, १० अँपिअर-तास म्हणजे ४८० वॉट-तास. पेडल मारत गेल्यास किलोमीटरला १०-१२ वॉट-तास लागतात. नुसत्या मोटारीवर ओझे घेऊन गेल्यास २० च्या पुढे. मळा किती लांब आहे ते ज्याचे त्याने पाहावे.

कायद्याचेही ध्यानात असू द्या. मोटार २५० वॉटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल तरच नोंदणी व लायसनमधून सूट आहे. तीच मोटार ३६ वरून ४८ वर नेली की एक तृतीयांश जास्त फिरते आणि ही मर्यादा सहज ओलांडते.

सर्वांत धोक्याची चूक चार्जरची. शिशाच्या चार बॅटऱ्या काढून लिथियम बसवतात आणि चार्जर जुनाच ठेवतात. तो ५८-५९ व्होल्टपर्यंत चढवतो, तर १३ सेलच्या बॅटरीची हद्द ५४.६. मधले संरक्षक सर्किट चुकले तर आग लागते, आणि चार्जिंग आपण लावतो रात्री, घरातच. लोह-फॉस्फेटच्या १६ सेलच्या बॅटरीला ५८.४ लागतात, तिचाही चार्जर वेगळा. दोन्हींवर आकडा '४८'च्या आसपासच छापलेला असतो, म्हणून नुसत्या आकड्यावर जाऊ नये.

खरेदीच्या वेळी पावतीवर एवढे लिहून घ्यावे : सेल कोणते व किती, पूर्ण चार्जचे व्होल्ट, कंट्रोलर किती व्होल्टला तोडतो व किती अँपिअरचा, आणि चार्जरचे व्होल्ट. "हा चार्जर सगळ्याला चालतो," असे कोणी म्हणाला तर तिथून पाय काढावा.