फ्लूचं औषध पहिल्या 48 तासांतच का सुरू करायचं?

ताप, खोकला, अंगदुखी. दोन दिवस अंगावर काढायचे आणि तिसऱ्या दिवशी मेडिकलमधून अँटिबायोटिक आणायचं, हे अनेक घरांत चालतं. आजार फ्लूचा असेल तर इथे औषधही चुकतं आणि वेळही.

अँटिबायोटिक का चालत नाही?

जिवाणू ही स्वतंत्र पेशी असते. पेनिसिलिन तिची भिंत नीट बांधू देत नाही. माणसाच्या पेशीला अशी भिंतच नसते, म्हणून ती सुरक्षित राहते. विषाणू मात्र आपल्याच पेशीत शिरून तिच्याकडून स्वतःच्या प्रती तयार करून घेतो. त्यामुळे आपल्या पेशीला धक्का न लावता त्याला अडवायचं कुठे, हा संशोधकांपुढचा मोठा प्रश्न असतो.

फ्लूवर तोडगा कसा सापडला?

नवे विषाणू पेशीबाहेर पडताना तिच्या पृष्ठभागाला चिकटलेले असतात. न्यूरामिनिडेझ हे विषाणूचं विकर कात्रीसारखं ते बंध कापतं. 1983 मध्ये ऑस्ट्रेलियात पीटर कोलमन आणि सहकाऱ्यांनी या विकराची रचना उलगडली. कात्रीच्या पात्यांत अडकून बसतील असे रेणू त्यावरून घडवले गेले. 1999 मध्ये अमेरिकेत झानामिविर आणि ओसेल्टामिविर या औषधांना मंजुरी मिळाली. ओसेल्टामिविर म्हणजेच टॅमिफ्लू. 2009 मध्ये पुण्यात स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी घेतला, तेव्हा हे नाव घरोघरी पोहोचलं.

मग 48 तासच का?

हे औषध विषाणूला मारत नाही, त्याचा फैलाव रोखतं. फ्लूचा विषाणू पहिल्या दोन-तीन दिवसांतच सर्वाधिक वाढतो. तो पसरल्यावर कात्री अडवून फायदा कमी होतो. वेळेत घेतलं तरी धडधाकट माणसाचा आजार साधारण एका दिवसानेच आटोपतो. गंभीर रुग्णांना मात्र डॉक्टर उशिरानेही हे औषध देतात.

विषाणू बदलला तर?

2008-09 च्या हंगामात एच1एन1 चा तेव्हाचा नेहमीचा प्रकार ओसेल्टामिविरला जुमानेनासा झाला होता. म्हणून दुसरं लक्ष्य शोधणं गरजेचं ठरतं. 2018 मध्ये जपानने मंजूर केलेलं बालोक्साविर विषाणूच्या प्रती तयार होण्याचं कामच थांबवतं.

काय लक्षात ठेवायचं?

ज्येष्ठ, गर्भवती, दमा किंवा मधुमेह असलेल्यांनी ताप आल्यावर तिसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. धाप लागत असेल तर कोणीच थांबू नये. औषध घ्यायचं की नाही, हे डॉक्टर ठरवतील. त्यांच्याकडे वेळेत जाणं आपल्या हातात आहे.