न उघडणारी काच

मोटारीच्या काचा म्हटल्या की समोरची मोठी काच, मागची काच आणि दारांतल्या खाली-वर होणाऱ्या काचा एवढ्याच डोळ्यांपुढे येतात. मागच्या दाराच्या आसपास, छत पेलणाऱ्या शेवटच्या खांबाला टेकून बसवलेली आणि कधीही न उघडणारी लहानशी काच फुटेपर्यंत मालकाच्या ध्यानातही नसते. बाजारात तिला ‘क्वार्टर ग्लास’ किंवा नुसते ‘क्वार्टर’ म्हणतात. सुरतेच्या उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतून आलेल्या मराठी कुटुंबांची मोठी वस्ती आहे, तिथल्या बोलण्यात गुजराती, हिंदी, मराठी आणि अहिराणी एकमेकींत सहज मिसळतात, आणि क्वार्टरला तिथेही क्वार्टरच म्हणतात. एवढीशी काच बदलणे समोरची काच बदलण्याहून सोपे असणार असा समज स्वाभाविक आहे, परंतु ते खरे नाही. या कामाचा कस काच जागेवर बसल्यानंतर कोणालाही न दिसणाऱ्या भागात लागतो, आणि म्हणूनच ते करणाऱ्या कारागिराच्या वाट्याला त्याचे श्रेय क्वचितच येते.

या काचेच्या दोन जाती आहेत. पहिली दारातली. मागच्या चाकाची कमान दाराच्या खालच्या कोपऱ्यात शिरलेली असल्यामुळे मागच्या दाराची काच अखंड ठेवली तर ती पूर्ण खाली उतरू शकत नाही. म्हणून दारात एक उभी पट्टी घालून तिच्या मागे त्रिकोणी काच कायमची बसवतात आणि पुढचा चौकोनी भाग तेवढा खाली-वर होतो. दुसरी जात थेट गाडीच्या सांगाड्यावर, म्हणजे बॉडीवर, चिकटवलेली असते. अर्टिगा किंवा इनोव्हासारख्या तीन ओळींच्या गाड्यांत शेवटच्या ओळीला उजेड मिळतो तो याच काचेतून. बारडोली, व्यारा, सोनगड आणि नवापूर या वाटेने धुळ्याकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ५३ वर लग्नसराईत जीजे-०५ क्रमांकाच्या अशा भरलेल्या गाड्या दिसतात. शेजारच्या ट्रकच्या चाकाखालून उडालेला एखादा खडा पुरेशा वेगाने क्वार्टरवर आला, तर पुढचा सगळा प्रवास उघड्या भोकासह करावा लागतो, कारण ही काच तडकून थांबत नाही, ती संपूर्ण कोसळते.

या कोसळण्याचे कारण तिच्या घडणीत आहे. समोरची काच लॅमिनेटेड असते, म्हणजे दोन पातळ काचांच्या मध्ये पारदर्शक प्लॅस्टिकचा पापुद्रा दाबून ती तयार होते, त्यामुळे फुटली तरी तिचे तुकडे पापुद्र्याला धरून राहतात. क्वार्टरची काच एकाच थराची, साधारण ३ ते ५ मिलिमीटर जाडीची आणि टफन्ड, म्हणजे ताण भरून कडक केलेली असते. मापात कापून, कडा घासून आणि काठाला काळी पट्टी छापून झाल्यावर ती भट्टीत सुमारे ६२० ते ६५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात, गाडीच्या गोलाईप्रमाणे वाकवतात आणि लगेच दोन्ही बाजूंनी थंड हवेचे झोत सोडतात. पृष्ठभाग आधी घट्ट होतो आणि गाभा मागाहून निवतो. निवताना गाभा आकसू पाहतो, परंतु घट्ट झालेला पृष्ठभाग त्याला आकसू देत नाही, आणि या ओढाताणीत पृष्ठभाग कायमचा दाबाखाली तर गाभा कायमचा ताणाखाली राहतो. साध्या काचेत भेग वाढते ती पृष्ठभाग ताणला गेला म्हणजे. इथे तो आधीच दाबलेला असल्याने काच साध्या काचेच्या चार-पाच पट बळकट ठरते. मात्र एखादी भेग दाबाचा थर ओलांडून गाभ्यापर्यंत पोहोचली की साठलेला सगळा ताण एकदम मोकळा होतो, भेगेला फांद्या फुटत जातात आणि निमिषार्धात काचेचे बोथट दाणे होतात. संयुक्त राष्ट्रांच्या मोटार-काचविषयक नियम क्र. ४३ नुसार ५० मिलिमीटर बाजूच्या चौरसात किमान ४० तुकडे पडलेच पाहिजेत, कारण तुकडा जितका मोठा तितकी त्याची धार घातक. ती फुटते कशी हासुद्धा अशा रीतीने तिच्या सुरक्षिततेचाच भाग आहे.

हे गुपित माणसाला बऱ्याच आधी दिसले होते. वितळलेल्या काचेचा थेंब पाण्यात टाकला की त्याचे डोके हातोडीचा घाव सोसते, पण बारीक शेपटी मोडताच सगळ्या थेंबाचा भुगा होतो. ‘प्रिन्स रूपर्टचे थेंब’ या नावाने ओळखले जाणारे हे नवल लंडनच्या रॉयल सोसायटीने १६६१ मध्येच तपासले होते. त्याचा धंद्यात उपयोग करण्याचे पेटंट फ्रान्सच्या द ला बास्ती यांनी १८७४ मध्ये घेतले. ते तापलेली काच तेलाच्या हौदात बुडवून कडक करीत.

या घडणीचा दुरुस्तीवर होणारा परिणाम सुरतेसारख्या शहरात विशेष जाणवतो, कारण जगातल्या हिऱ्यांचा फार मोठा वाटा जिथे पैलू पाडण्यासाठी येतो, त्या शहरात काच कापण्याच्या हत्यारांची आणि बारीक हातांची वाण नाही, तरीही क्वार्टरची काच तिथे कोणी कापून देऊ शकत नाही. टफन झालेल्या काचेवर हिरकणीची रेघ जरा खोल गेली की तिचे दाणे होतात. सुरतेच्या उत्तरेला, नर्मदेच्या अलीकडे अंकलेश्वरला १९९३ पासून फ्लोट काच बनते, म्हणजे वितळलेल्या कथिलावर तरंगवून सपाट केलेली काच. परंतु ती काच जवळ आहे म्हणून क्वार्टर जवळ येत नाही, कारण सपाट काचेला गाडीची गोलाई आणि ताण देणारी भट्टी वेगळ्याच कारखान्यांत असते. पुण्याजवळ भोसरी आणि चाकण इथे मोटारींच्या काचांचे असे कारखाने आहेत. ग्राहकाला म्हणूनच गाडीचे मॉडेल, वर्ष आणि बाजू सांगून तयार काच मागवावी लागते. बाजू सांगण्याची बाजारातली रीत ‘ड्रायव्हर साइड’ आणि ‘क्लीनर साइड’ अशी आहे, आणि ती डाव्या-उजव्यापेक्षा बिनचूक आहे, कारण गाडीच्या पुढे उभे राहून पाहणाऱ्याचे डावे-उजवे उलटते.

आलेली काच तपासताना कोपऱ्यातला शिक्का आधी वाचावा लागतो. त्यावर कारखान्याचे नाव, काच टफन्ड असल्याची खूण आणि भारतीय मानक आयएस २५५३ चा उल्लेख असतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०० प्रमाणे समोरच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के, तर बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ च्या निकालात काचांवर काळी फिल्म चिकटवण्यास मनाई केल्यानंतर काचेचा मूळ रंग अधिकच महत्त्वाचा झाला. शेजारच्या काचा हिरवट आणि नवी क्वार्टर पांढरी असली, तर तो विजोडपणा गाडी विकेपर्यंत डोळ्यांत खुपत राहतो.

प्रत्यक्ष कामातला सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत टाळला जाणारा भाग म्हणजे दाणे वेचणे. फुटलेली काच सीटवर दिसते तेवढीच नसते. आतले प्लॅस्टिकचे आवरण, ज्याला ट्रिम म्हणतात, उतरवले की मागच्या पत्र्याच्या पोकळीत, सीटच्या रुळांत, जॅक ठेवण्याच्या खणात आणि सीटबेल्ट गुंडाळणाऱ्या चक्रीच्या आसपास मूठ-मूठ दाणे सापडतात. चक्रीत अडकलेला दाणा बेल्टची वीण घासत राहतो; पत्र्याच्या तळाशी पाणी निथळण्यासाठी ठेवलेल्या भोकात अडकलेला दाणा पावसाचे पाणी आतच साठवतो. व्हॅक्यूम क्लीनरची नळी जिथे पोहोचत नाही, तिथे मिस्त्री पत्र्यावर बाहेरून तळहाताने थापट्या मारतो, कान देतो, पुन्हा थापटतो, आणि खुळखुळ थांबेपर्यंत पुढच्या कामाला हात घालत नाही. ज्या गाड्यांत छताच्या कडेला पडद्यासारखी एअरबॅग असते, तिथे ट्रिम खोलण्यापूर्वी बॅटरी सोडवून थोडा वेळ थांबणे आवश्यक असते. या कामाला गिऱ्हाईक वेगळे पैसे देत नाही, म्हणून घाईच्या गॅरेजात ते अर्धवट राहते. चांगला कारागीर ओळखायचा तो इथेच.

जुन्या गाड्यांतली रबरात बसणारी काच हा हातचलाखीचा वेगळाच प्रकार आहे. काचेच्या काठावर रबर चढवतात, रबराच्या आतल्या खाचेतून सगळीकडून मजबूत दोरी फिरवून तिची दोन टोके खालच्या बाजूला एकमेकांवरून सोडतात, साबणाचे पाणी लावतात आणि काच बाहेरून पत्र्याच्या चौकटीला टेकवतात. बाहेरचा माणूस तळहाताने दाब देत असताना आतला माणूस दोरीचे टोक हळूहळू ओढतो, आणि दोरी जसजशी निघते तसतसा रबराचा ओठ पत्र्याच्या कडेवरून उलटून आत येतो. दोघांची लय जमली नाही तर रबर फाटते किंवा काच कोपऱ्यावर दबून फुटते. पेस्टिंगच्या, म्हणजे चिकटवण्याच्या, काचा आल्यापासून हे काम कमी झाले आहे.

पेस्टिंगमध्ये आधी जुन्या सीलंटचा थर कापावा लागतो. कारागीर तो पत्र्यापर्यंत खरवडत नाही; एक-दोन मिलिमीटरचा सपाट थर मुद्दाम ठेवतो, कारण नवे सीलंट ताज्या कापलेल्या जुन्या सीलंटला उत्तम धरते आणि कारखान्यातला रंग न दुखावता शाबूत राहतो. जिथे हत्याराने रंग खरवडला गेला असेल तिथे प्रायमर, म्हणजे गंज रोखणारा आणि पकड देणारा पातळ लेप, लावलाच पाहिजे. खाडीकाठच्या या दमट शहरात उघड्या राहिलेल्या नखाएवढ्या पत्र्यावर गंज लवकर धरतो, आणि गंजावर चिकटवलेली काच प्रत्यक्षात गंजाच्या पापुद्र्यालाच चिकटलेली असते. काचेच्या काठावरची काळी पट्टीही केवळ शोभेची नसते. ती सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांपासून सीलंटचे रक्षण करते. पट्टी पुसून, तिच्यावर प्रायमर लावून तो वाळल्यावर त्रिकोणी खाच पाडलेल्या नळीतून सीलंटची उभी, साधारण १० ते १२ मिलिमीटर उंचीची धार अखंड फिरवतात. धार तुटली तर तिथून पाणी येणार हे ठरलेलेच. मग धारेवर साय धरण्याच्या आत काच नेमक्या जागी टेकवून, चारी बाजूंची फट सारखी करून, तळहाताने दाबून कागदी टेपच्या पट्ट्यांनी बांधून ठेवतात.

हे सीलंट पॉलियुरेथेनचे असते आणि ते वाळत नाही तर पिकते, असे म्हणणे अधिक बरोबर होईल, कारण हवेतल्या बाष्पाशी रासायनिक क्रिया होऊन ते बाहेरून आत घट्ट होत जाते. मध्यम हवामानात दिवसाला सुमारे ३ मिलिमीटर. सुरतेच्या पावसाळ्यात हवेतले बाष्प या क्रियेला मदतच करते, परंतु त्याचमुळे काच बसवायला हाताशी असलेला वेळ कमी होतो, आणि पत्र्यावर पाण्याचा थेंब राहिला तर पकडच धरत नाही. दमट हवा हवी आणि ओला पत्रा नको, हा भेद ज्याला कळला त्याचे पावसाळ्यातले काम टिकते.

याच टप्प्यावर एक चूक सर्रास होते आणि तिचा धिक्कार केलाच पाहिजे. न्हाणीघराच्या फरश्यांसाठी मिळणारे स्वस्त सिलिकॉन काचेभोवती फासून गळती थांबवली जाते. त्यातल्या व्हिनेगरसारख्या वासाच्या जातीतून पिकताना अॅसेटिक आम्ल बाहेर पडते आणि ते उघड्या पत्र्याला खाते. शिवाय सिलिकॉनचा अंश राहिलेल्या जागी पुढे पॉलियुरेथेन धरत नाही, म्हणजे आज वाचवलेल्या शंभर-दोनशे रुपयांपायी उद्याच्या कारागिराचे योग्य कामही फुकट जाते.

विम्याचा हिशेबही इथे थोडा चमत्कारिक आहे. २००२ च्या इंडिया मोटर टॅरिफपासून चालत आलेल्या रीतीप्रमाणे काचेच्या भागांवर घसारा, म्हणजे जुनेपणापोटीची कपात, शून्य असते, तर रबर आणि प्लॅस्टिकच्या भागांवर ती ५० टक्के असते. त्यामुळे काचेचे पूर्ण पैसे मिळूनही तिच्याभोवतीची बीडिंग अर्ध्या किमतीत मोजली जाते. त्यातून सक्तीची वजावट जाते, आणि दावा न केल्याबद्दल मिळणारी, २० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत वाढत जाणारी सवलत गमावण्याची भीती उरते. क्वार्टरसारख्या लहान काचेचे बिल म्हणून अनेक मालक स्वतःच्याच खिशातून देतात, आणि खिशातून देणारा माणूस गाडी त्याच संध्याकाळी मागतो.

सावध मिस्त्री ती देत नाही. तासाभराने तो काचेवर खालून वर अशी पाण्याची मंद धार सोडतो, दुसरा माणूस आत विजेरी घेऊन काठ पाहतो, आणि पाणी आले नाही तरी गाडी रात्रभर गाळ्यातच ठेवली जाते. पुढची एक काच दोन बोटे उघडी असते, कारण सगळ्या काचा बंद असताना दार आपटले तर आतल्या हवेचा दाब कच्च्या सीलंटवरची काच बाहेर ढकलतो. टेपच्या पट्ट्या सकाळी निघतात.