तारांकित उपकरणे : किंमत आणि खर्च

चेन्नईत हिवाळा नावापुरताच असतो. घरात असो वा कार्यालयात, वातानुकूलन यंत्राला तेथे फारशी विश्रांती मिळत नाही. त्यामुळे ऊर्जा-कार्यक्षमतेच्या नियमांमुळे ग्राहकाचा खर्च वाढतो की घटतो, हे पाहण्यास हे शहर योग्य ठरते.

ऊर्जा संवर्धन अधिनियम, २००१ अन्वये स्थापन झालेल्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने २००६ मध्ये उपकरणांसाठी तारांकन योजना सुरू केली. अधिक तारे असलेले यंत्र सामान्यतः महाग असते. मात्र ते वीज कमी घेते. वातानुकूलन यंत्राच्या लेबलवरील वार्षिक युनिटचा आकडा १,६०० तासांच्या वापरावर आधारलेला असतो.

समजा, दोन यंत्रांच्या किमतींत ८,००० रुपयांचा व वार्षिक वापरात २५० युनिटचा फरक आहे. प्रतियुनिट ८ रुपये दराने वर्षाला २,००० रुपये वाचतात आणि वाढीव किंमत चार वर्षांत वसूल होते. चेन्नईत तेच यंत्र २,४०० तास चालल्यास बचत ३,००० रुपये होऊन हा काळ दोन वर्षे आठ महिन्यांवर येतो. उलट, वर्षातून दोनच महिने यंत्र वापरणाऱ्यास महाग यंत्र परवडेलच असे नाही. तारांकनाचे निकष वेळोवेळी कडक होतात. म्हणून लेबलवरील कालावधीही पाहावा.

मोठ्या व्यापारी इमारतींसाठी २००७ मध्ये ऊर्जा संवर्धन इमारत संहिता आली. तिच्या पाच हवामान-विभागांपैकी उष्ण-दमट विभागात चेन्नईप्रमाणे मुंबईही मोडते. छतावरील उष्णतारोधक थर आणि योग्य काच यांमुळे बांधकामखर्च वाढतो. परंतु आत येणारी उष्णता घटल्याने कमी क्षमतेचे वातानुकूलन संयंत्र पुरते. त्यासाठी लागणारे जनित्र व केबलही लहान चालतात. वाढीव खर्चाचा काही भाग असा तेथेच भरून निघतो. मात्र हा विचार आराखड्याच्या टप्प्यावरच व्हावयास हवा. मोठे संयंत्र खरेदी केल्यानंतर ही बचत हातची जाते.

येथे एक अडचण उरते. खर्च बांधणारा करतो आणि विजेचे बिल भाडेकरू भरतो. म्हणून जागा घेण्यापूर्वी भाड्याबरोबर मागील वर्षाची वीजबिलेही पाहणे हिताचे ठरते. कर्जप्रस्ताव तयार करताना ग्राहकाने, तसेच तो तपासताना आपल्या अधिकाऱ्यांनीही, मासिक हप्ता आणि वीजबिल यांची बेरीज समोर ठेवावी. कमी किमतीचे यंत्र अनेकदा याच बेरजेत महाग ठरते.