धोक्याच्या मालाची वाहतूक

ता. १४ एप्रिल १९४४ रोजीं मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदींत 'फोर्ट स्टिकीन' हें जहाज उभें होतें. त्यावर सुमारें १,४०० टन स्फोटकें होतीं, आणि त्यांतील कांहीं ज्या कोठ्यांत ठेवलीं होतीं, त्याच कोठ्यांत कापसाच्या गांसड्याहि भरल्या होत्या. स्फोटकांची सूचना देणारें तांबडें निशाण जहाजावर नव्हतें. दुपारीं दोनच्या सुमारास धूर दिसला. चार वाजून सहा मिनिटांनीं पहिला स्फोट झाला व सुमारें अर्ध्या तासानें दुसरा. अग्निशामक दलाचे ६६ जण कामीं आले.

दाबून बांधलेला कापूस आंतल्या आंत धुमसतो. बाहेरून ओतलेलें पाणी त्याच्या गाभ्यापर्यंत सहज पोहोंचत नाहीं. म्हणून पेट घेणारा माल स्फोटकांपासून दूर ठेवावा, हा पहिला नियम. मालाचें स्वरूप कोणासहि कळेल अशी खूण त्यावर असावी, हा दुसरा.

आज अशा मालाचे नऊ वर्ग ठरलेले आहेत. रसायनांच्या टँकरवर वर्गाची चौकट आणि चार आंकडी क्रमांक रंगविलेला असतो. असा टँकर उलटलेला दिसल्यास जवळ जाऊं नये. दुरूनच क्रमांक वाचतां आल्यास तो अग्निशामक दलास कळवावा. आंत काय आहे, हें त्यांना निघण्यापूर्वींच समजतें.