सांध्याची पारख

परंडा तालुक्यातल्या सोनारीला चैत्रात काळभैरवनाथाची यात्रा भरते. अशा उघड्यावर स्पीकरची जी पारख होते, ती ऑडिओ शोमधल्या हॉटेलच्या खोलीत होत नाही. खोलीत भिंती बेसला टेकू देतात आणि ऐकणाऱ्याची खुर्ची नेमकी मधोमध मांडलेली असते. यात्रेत माणसं पांगलेली; कुणी उभं, कुणी बसलेलं, कुणी पार कडेला. सगळ्यांना आवाज स्वच्छ जातो का, हे बरंचसं क्रॉसओव्हरवर, म्हणजे वूफर आणि हॉर्नमध्ये सूर वाटून देणाऱ्या भागावर ठरतं. वाटणी २००० हर्ट्झला केली, तरी त्या सांध्याच्या आसपास दोघंही वाजत असतात. लिंकविट्झ आणि रायली यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, १९७६मध्ये मांडलेल्या फिल्टरमध्ये सांध्यावर प्रत्येकजण ६ डेसिबलने खाली असतो आणि बेरीज सपाट येते. मात्र दोन्ही लहरी बरोबरीने कानाशी पोचल्या पाहिजेत. इथे लहर जेमतेम १७ सेंटिमीटरची. वाटेत साडेआठचा फरक पडला की एक दुसरीला खाते. स्पीकरजवळ बसलेला माणूस उठून उभा राहिला तरी एवढा फरक पडू शकतो. म्हणून जाणता साउंडवाला पिंक नॉइज, म्हणजे सगळे सूर असलेली खरखर, लावून हॉर्नच्या दोन तारा मुद्दाम उलट्या जोडून बघतो. सांधा जुळलेला असेल तर तिथे आवाजाला खोल खड्डा पडतो. नुसताच फिका झाला, तर कुठेतरी गडबड आहे.

यात्रेत स्वच्छ शब्द कोणाला हवेत, पब्लिकला दणका हवा, असं डीजेवाले म्हणतील. पण दणकाही सांध्यातूनच येतो. १०० हर्ट्झला बेसचे डबे आणि वरचे सूर वाजवणारे टॉप जुळले तर एकट्यापेक्षा ६ डेसिबल जास्त मिळतात. उलटे पडले तर दोघं मिळून जवळजवळ काहीच नाही. मग आवाज वाढवायचा आणि कॉइल जाळून घ्यायची! डीएसपीने, म्हणजे डिजिटल प्रोसेसरने, सगळं जुळतं, हा दुसरा युक्तिवाद अर्धाच खरा. त्यातला डिले, म्हणजे एखाद्या स्पीकरचा आवाज किंचित उशिरा सोडणं, एका जागेसाठीच बसतो. बेसचे डबे जमिनीवर आणि टॉप चार हात लांब ठेवले, तर बाजूला उभ्या असलेल्याचं अंतर वेगळंच पडतं. बरं, विक्रीच्या प्रात्यक्षिकात सांध्याची गडबड लपवणंही सोपं. आवाज चढला की कानाला बेस आणि तीव्र सूर आपोआप भरीव वाटतात (फ्लेचर आणि मन्सन यांनी हे १९३३मध्येच मोजून दाखवलं), त्यामुळे मोठ्याने वाजणारा स्पीकर बहुधा जिंकतो. विकत घेणाऱ्याने तुलनेतले दोन्ही स्पीकर एकाच पातळीवर आणायला लावावेत, गाणं बंद करून माइकवर एखाद्याला हरवलेल्या पोराचं नाव-गाव पुकारायला सांगावं, आणि ते समोरून नव्हे, कडेला जाऊन ऐकावं.